धारेची घोडी

सुतारकामातलं सगळ्यात मोठं सोंग कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी धारेचं नाव घेईन. धार बिचारी खोटी नसते. लागली तर लागली, नाही लागली तर लाकूड लगेच सांगतं. सोंग असतं ते धार लावणाऱ्याचं.

आमच्या मुलचेऱ्याकडचे जुने वाढई (सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात) सगळ्यांसमोर करवत चालवतील, रंधा मारतील, चौकट ठोकतील. पण रंध्याचं पातं बोथट झालं की दगड उचलणार आणि भिंतीकडे तोंड करून बसणार. गावाकडे पाठ. खांदे हलताना दिसतात, दगडाचा आवाज येतो, डोक्यावरून बिडीचा धूर येतो, हात मात्र कुणाला दिसत नाहीत. का, तर धार ही घरची विद्या. ती लेकाला दाखवायची, जावयाला नाही. आणि बाईची तर सावलीसुद्धा दगडावर पडू द्यायची नाही, धार उतरते. माझ्या सावलीत पोलाद बोथट करायची ताकद आहे, हे मला लग्न होऊन आल्यावर कळलं. माहेरी कुणी बोललं नव्हतं.

मी शिलाईवाली बाई. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयातलं आणि लोकांच्या तोंडून ऐकलेलं. मुलचेऱ्याच्या बाजार रस्त्यावर माझं दुकान आहे, ब्लाऊज-परकर-पडद्यांचं. पण आता लोक मला ओळखतात ते धारवाली बाई म्हणून. कात्री, पावशी (विळी), रंध्याचं पातं, पटाशी, सगळं माझ्याकडे येतं. म्हणून दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटलं तेव्हा मला वाटलं, ब्लाऊजचं काय लिहायचं, धारेचं लिहावं. निदान या विद्येवरचा पडदा तरी निघेल. पडदे लावायचं आणि काढायचं काम माझंच आहे.

तर धार म्हणजे काय ते सांगून टाकते, त्यात लपवण्यासारखं काहीही नाही. रंध्याचं पातं किंवा पटाशी हातात घ्या. एक अंग सपाट असतं. दुसऱ्या अंगाला टोकाशी उतार असतो. सपाट अंग आणि उतार जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. उतार दगडावर घासायचा आणि घासताना त्याचा कल बदलू द्यायचा नाही, एवढीच ती विद्या. कल बदलला की उतार सपाट न राहता त्याला पोट सुटतं. मग धार लाकडात शिरायच्या आधी पोटच जाऊन आपटतं. माणसाचा हात पुढे जाताना वर उचलला जातो, मागे येताना खाली पडतो, झोक्यासारखा. तो झोका थांबवायला वाढयाचं अर्धं आयुष्य जातं. त्या अर्ध्या आयुष्याचा माज त्याला उरलेलं अर्धं पुरतो.

धार लागली की नाही हे पाहायची यांची रीतही ऐका. पातं डाव्या हाताच्या केसांवरून फिरवायचं, केस उडाले की धार आली. त्यामुळे आमच्याकडच्या नामी वाढयाचा डावा हात सोललेल्या कोंबडीसारखा असतो. चहाच्या टपरीवर बसताना बाही वर सरकवून तो हात टेबलावर असा ठेवतात की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडावी. मी सावरीच्या लाकडाचा तुकडा ठेवते. सावर फार मऊ, कापसासारखी. तिच्या आडव्या कापलेल्या तोंडावर पटाशी लोटायची. धार वाईट असली तर लाकूड चेंगरून भुसभुशीत होतं, चांगली असली तर आरशासारखं निघतं. केसांची गरज नाही आणि कोंबडीचीही नाही.

हे सगळं मला जमतं ते हाताने नाही. घोडीने. घोडी म्हणजे तळहाताएवढा लाकडाचा ठोकळा. त्याला पातं बसेल अशी खाच, वरून दाबपट्टी, पट्टीला आवळायचे दोन स्क्रू आणि खाली चाकं. पातं घोडीत आवळायचं, चाकं टेकवायची आणि दगडावर पुढे-मागे लोटायचं. कल घोडी सांभाळते. हाताने फक्त लोटायचं. लोटायला आणि थोडा भार द्यायला अक्कल लागते, पण अर्धं आयुष्य लागत नाही.

आता दुकानात गिऱ्हाईक कसं येतं ते सांगते. वाढई येतो तो भरदुपारी, रस्ता सामसूम असताना. पातं पोत्यात गुंडाळलेलं.

"बाई, हे शेजाऱ्याचं हाय. त्याले वेळ नाई म्हनून मी आलो."

"शेजाऱ्याच्या पात्यावर तुमचं नाव कोरून हाय, भाऊ."

"त्यानं माझ्याकडूनच घेतलं होतं."

"बरं. शेजाऱ्याले सांगा, उद्या घेऊन जा म्हना."

उद्या शेजारी येत नाही. हेच येतात.

एक ठेकेदार आला, तरुण, गळ्यात जाड साखळी. पटाश्या विजेच्या चाकावर घासून आणलेल्या, टोकं निळी पडलेली. चाकाच्या उष्णतेने पोलाद निळं पडलं की ते मेलं समजायचं, त्याला कितीही धार लावा, दोन ठोक्यांत बसते. मी म्हटलं, एवढा भाग घासून काढावा लागेल. तो म्हणाला, "रंगच तर गेला हाय बाई, तुमी फक्त धार लावा." मी त्याला सांगितलं, माणूस निळा पडला तर आपण डॉक्टरकडे नेतो, पावडर लावत नाही. तो रागावून गेला. त्याने घडवलेली खिडकी मी पुढे एका घरात पाहिली. उघडायला माणूस लागतो आणि मिटायला दोन.

झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करणारा एक नट तलवार घेऊन आला होता, लाकडी मुठीची, पत्र्याची. म्हणाला, लखलखीत धार पाहिजे, शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे. मी म्हटलं, धार शेवटच्या रांगेतून दिसत नाही, पहिल्या रांगेतल्या माणसाला लागते मात्र. त्याला चमक पाहिजे होती, चमक करून दिली. नाटकवाल्याचं मी मनावर घेत नाही, तो निदान सोंग सांगून करतो.

आणि मोबाईलवाले तर रोजचेच. परवा एकाने परदेशातली घोडी दाखवली, पितळेची, अंकांच्या खुणा असलेली. "मावशी, हे पहा, हे खरं." मी पाहिलं. माझीच घोडी, पोळ्याची झूल घातलेली. तो म्हणाला, मागवू का? म्हटलं, मागव. ती आली की माझ्याकडे आण, तुझा दगड मधे खोल गेला आहे, त्याच्यावर ती पितळेची काय आणि सोन्याची काय, नांगराच्या तासातून गेल्यासारखी जाईल. अजून ना ती आली, ना तो.

पण मी हसते तेवढी हसण्यासारखी ही गोष्ट सुरू झाली नव्हती.

आमचे हे, देवराव त्यांचं नाव (लिहिताना घेते, बोलताना घेत नाही), नक्षीचे कारागीर. चौकटीवर पानाफुलांची वेल कोरावी तर त्यांनीच. आरागिरणीत लाकूड लावताना उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात सापडला. अंगठा राहिला, पण ताठ झाला, वाकेना. मोगरी मारता येत होती, करवत धरता येत होती. पटाशी डाव्या हातात असते, त्यामुळे कोरीवकामालाही अडचण नव्हती. अडलं ते धारेपाशी. दगडावर पातं घासताना त्याला वरून दाबून कल धरतो तो उजवा अंगठाच. तो ताठ, म्हणजे पातं डुलणार.

आता कुणी म्हणेल, मग दुसऱ्याने लावून द्यावी. आमच्या वाढयांमध्ये तसं चालत नाही. ज्याने त्याने आपली धार आपण लावायची. दुसऱ्याच्या धारेवर काम करणारा वाढई नाही, तो मजूर. लाकडं उचलायची, भुसा झाडायचा. कामावर हे पाहायला झिबल मिस्त्री असायचे. ह्यांचे सख्खे चुलते, ह्यांचे गुरू, आणि आमच्या भागातल्या मोठ्या कामांवर कोण वाढई घ्यायचा हे ठरवणारे. माणूस मोठा कारागीर, त्यात शंका नाही. धिप्पाड, कानात बाळी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याची साल निघावी.

जखम भरल्यावर हे कामावर गेले, दगडाशी बसले, उठले, परत बसले. झिबल मिस्त्रींनी पातं पाहिलं आणि म्हणाले, "देवराव, याच्यानं तं दही बी कापनार नाई. तू फळ्या उचल."

हे घरी आले. हत्यारांची पेटी खाटेखाली लोटली. दुसऱ्या दिवसापासून फळ्या उचलायला गेले. संध्याकाळी ते जेवायचे, पण बोलायचे नाहीत. वेल कोरणारा माणूस फळ्या उचलायला लागला की तो घरात कसा बसतो, हे मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे.

मला राग त्यांचा नाही आला. त्या रीतीचा आला. रोज मी मशीनवर बसायची आणि विचार करायची. शिलाई मशीनला सुईपाशी एक पाय असतो, तो कापड दाबून धरतो. मी शिवण सरळ घालते ती माझा हात देवाने घडवला म्हणून नाही, तो पाय कापड धरून ठेवतो म्हणून. कुठला शिंपी कधी म्हणाला का, की मी बिनपायाच्या मशीनवर शिवतो, तोच खरा शिंपी? मग पात्याला पाय का नको?

पहिली घोडी मी सागवानाच्या तुकड्यातून केली. खाच पाडायला ह्यांचीच बोथट पटाशी घेतली, त्यामुळे खाच उंदराने कुरतडल्यासारखी झाली. चाकं कुठून आणायची? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो. लाकडी नंदीला चाकं लावून, सजवून पोरं त्याला दोरीने ओढत नेतात. ह्यांनी आमच्या रमेशसाठी देखणा नंदी केला होता. मी त्याची चाकं काढली. नंदी पोटावर बसला आणि रमेशने गल्ली डोक्यावर घेतली.

त्या चाकांनी मला चांगलाच धडा दिला. धारेच्या दगडावर पाणी असतं. लाकडी चाकं पाणी प्यायली, फुगली, अंड्यासारखी झाली. घोडी हिंदकळत चालायची आणि धार लाटांची निघायची. हे खाटेवरून पाहत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"धार लावून राह्यली."

"अशी धार समुद्राले असते."

त्यांना हसू आलं होतं. मला तेवढं पुरलं.

मग वीजवाल्याच्या भंगारातून छताच्या पंख्याची दोन जुनी बेअरिंगं आणली. लोखंडी, गोल, फुगायचा प्रश्न नाही. एका बोल्टवर दोन्ही चढवली. कल रोज एकसारखा यावा म्हणून एका फळीवर दोन पट्ट्या ठोकल्या, एक रंध्याच्या पात्याची, एक पटाशीची. घोडी फळीच्या कडेला टेकवायची, पातं पट्टीला लागेपर्यंत बाहेर सरकवायचं, स्क्रू आवळायचे. झालं. मोजायचं काही नाही.

तरी धार नीट येईना. दोष घोडीचा नव्हता, दगडाचा होता. ह्यांच्या आज्यापासून चालत आलेला दगड मधोमध खोल गेला होता, डोंग्यासारखा. हाताने लावणारा त्या खड्ड्याच्या वळणाने हात फिरवतो, घोडी बिचारी खड्ड्यात उतरते. मी दगड पायरीवर वाळू-पाणी टाकून घासायला घेतला तेव्हा हे ओरडले, "अवं, आज्याच्या हातचा खड्डा हाय तो."

मी म्हटलं, "आज्यानं घर ठेवलं, शेत ठेवलं, ते विकून झालं. आता खड्डा सांभाळून ठेवा."

पायरी झिजली, पण दगड सपाट झाला. त्या दिवशी ह्यांनी स्वतः घोडीत पातं आवळलं, ताठ अंगठा बाजूला ठेवून तळहातानेच लोटलं. सावरीच्या तुकड्यावर पटाशी चालवली. तुकडा चमकला. त्यांनी तो उन्हात धरला, वास घेतला, खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन झिबल मिस्त्रींना म्हणाले, अंगठा सुधारला.

हे ऐकून मला जे वाटलं ते सभ्य अंकात छापता येणार नाही. माणूस वाढई म्हणून परत उभा राहिला याचा आनंद होता. पण ते घरात दार लावून घोडीवर धार लावायचे, पटाश्यांचे दोन-दोन संच करून न्यायचे, म्हणजे कामावर दगडाशी बसायची वेळच येऊ नये. आणि गावात सांगायचे, हाताने करतो. मी विचारायची, "लाजता कशाले?" तर म्हणायचे, "तुले नाई समजत. लोक म्हनतील, बायकोच्या खेलन्यावर कमावते." मी गुपचूप त्यांच्या पिशवीत घोडी ठेवली तर ते काढून खाटेवर ठेवून जायचे. शेवटी मी ती माझ्याच पिशवीत ठेवू लागले, टेप आणि कात्रीबरोबर. वाटायचं, आज ना उद्या लागेल.

ती लागली मंडलबाबूंच्या घरी.

मुलचेऱ्याच्या भोवती बंगाली लोकांची गावं आहेत, तिथले हे मंडलबाबू, भातशेतीवाले. नवं घर बांधलं, मोठ्या दाराच्या चौकटीवर वेल कोरायचं काम झिबल मिस्त्रींकडे आणि मिस्त्रींनी ते दिलं ह्यांना. पडद्यांचं काम माझं. पुढच्या खोलीत हे पुरुष, आतल्या खोलीत मी खिडक्या मोजत होते. मंडलबाबू मधे फिरत होते, "मिस्त्री, पूजा ठरली आहे, दरवाजा हो जाएगा ना?" असं हिंदी-मराठी एक करून विचारत.

जंगलातलं लाकूड कधी कधी पोटात काही घेऊन येतं. कुणी कधी झाडाला तार गुंडाळतं, झाड वाढतं आणि तार गिळून टाकतं. ह्यांची पटाशी त्या तारेवर आपटली. खण्ण आवाज आला, मला आत ऐकू आला. धारेचा तुकडा उडाला होता. ह्यांनी दुसरी पटाशी काढली, आजूबाजूने कोरून तार बाहेर काढली, पण त्यात तिचीही धार गेली. रुंद पटाश्या संपल्या. वेल अर्धी.

झिबल मिस्त्री म्हणाले, "बस. दगड तिथी हाय. लाव धार."

हे बसले. भिंतीकडे तोंड. मी दारातून पाहत होते. बाकीचे वाढई काम थांबवून बिड्या काढून उभे राहिले. मिस्त्रींचा दगड, त्याला असाच खड्डा. ताठ अंगठ्याने पटाशी धरली आणि तिचं डुलणं पाठीवरून दिसू लागलं. बराच वेळ घासलं. उठून वेलीच्या एका पानावर चालवली, तर पटाशी घसरली आणि पानाची कड निघून आली.

मिस्त्रींनी पटाशी मागून घेतली, उजेडात फिरवून पाहिली.

"अंगठा सुधारला म्हनत होतास ना गा?"

मिस्त्रींनी पटाशी ह्यांच्या हातात परत दिली.

"मंडलबाबू, चामोर्शीचा एक मानूस हाय माझ्या ओळखीचा. उद्या बोलावतो. वेल तो करन." आणि ह्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "देवराव, तू फळ्या पाहा."

परत फळ्या. मला पुढचं सगळं दिसलं. खाट, पेटी, न बोलता जेवणं. आणि या वेळी परत कामावर घेतलं जाणार नाही, कारण आता खोटं बोलल्याचंही नाव झालं.

मी टेप गळ्यातच ठेवून बाहेर आले. स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्पा भिंतीला टेकवून ठेवला होता, आरशासारखा सपाट. तो जमिनीवर आडवा केला. रंगाऱ्यांचं काम चालू होतं, त्यांच्याकडून वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा पॉलिश कागद, मागितला, एक जाड, एक बारीक. हा कागद पाण्याने ओला केला की कडप्प्याला चिकटून बसतो, आणि दगडापेक्षा सपाट काम करतो. कागद कडप्प्यावर मांडले, मग पिशवीतून घोडी काढली आणि शेजारी ठेवली. चाळणीत दगड पडावा तसा आवाज झाला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे इथी काऊन आनलं?"

"धार लावाले. भाकर थापाले नाई आनलं."

"घरी जा तू."

"पडदे झाल्यावर जातो."

झिबल मिस्त्री जवळ आले. चपलेच्या टोकाने घोडी जराशी ढकलली. चाकांवर ती दूर गेली. कुणीतरी हसलं.

"हे काय होय, सूनबाई? रमेशचं खेलनं?"

"पात्याचा पाय हाय, मामाजी." आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, चुलत सासऱ्यालाही.

"पाय?" मिस्त्री ह्यांच्याकडे वळले. "घरी याच्यावरच लावत होतास काय गा, इतके दिवस?"

आता हे नाही म्हणू शकत होते. बायकोचं काही मनावर घेऊ नका, असं म्हणून फळ्या उचलू शकत होते. मी त्यांना ओळखते, तोंडाशी आलं होतं ते. पण तेवढ्यात मिस्त्रींनी आणखी एक घाव घातला.

"लंगड्याची काठी हाय हे. वाढयाच्या हातात शोभत नाई."

आणि इथेच म्हाताऱ्याची चूक झाली. ह्यांना काहीही म्हणा, ऐकून घेतात. पण अंगठ्याला लंगडा म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं नाही. की घोडीला काठी म्हटलेलं ऐकून घेतलं नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हो काका," हे म्हणाले, शांतपणे. "लंगडाच हाव मी. काठी हाय म्हनून चालून राह्यलो. तुमच्या दगडावर चाललो असतो तं अजून फळ्याच उचलत असतो."

"कोनं केलं हे?"

"हिनं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते घोडीकडे पाहत राहिले. मग मंडलबाबूंकडे. मंडलबाबूंना विद्येशी देणंघेणं नव्हतं, त्यांना पूजेचा दिवस दिसत होता. "मिस्त्री, जो भी हो, दरवाजा चाहिए," ते म्हणाले.

"कर मंग," मिस्त्री ह्यांना म्हणाले. "सांजेपर्यंत वेल दिसली पायजे. नाई दिसली तं चामोर्शीवाला येते."

वेल दिसली. तुटलेल्या पानाच्या जागी ह्यांनी मुडपलेलं पान कोरलं, आणि लोकांना अजून तेच पान सगळ्यात आवडतं. झिबल मिस्त्रींनी वेलीवरून बोट फिरवलं आणि मंडलबाबूंना सांगितलं, "पाहून घ्या. आमच्या घरचा हात हाय." हात, म्हणे. त्यानंतर आपल्या कामांवर त्यांनी ह्यांना नेहमी बोलावलं, घोडीचं नाव मात्र कधी काढलं नाही. पुढे त्यांची नजर गेली, धारेची रेघ दिसेना, तेव्हा मी त्यांच्या पात्याच्या मापाची घोडी करून नेली. घोडीला डोळे लागत नाहीत, ती अंधारातही तोच कल धरते. त्यांनी ती हातात घेतली, चाकं बोटाने फिरवून पाहिली आणि परत दिली. एवढा मोठा कारागीर आपली पेटी मिटून ओसरीवर बसून राहिला. मला त्यांचा राग येतो, तो या गोष्टीसाठी. मला लंगडं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते हात वाया घालवले, ते चालत नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या घडीला, मिस्त्री "कर मंग" म्हणाले तेव्हा, ह्यांनी दूर गेलेली घोडी उचलून आणली. पटाशी आवळली. फळी नव्हती, तर बोटाने अंदाज घेतला आणि उजेडात कल पाहिला. मग ते कडप्प्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. त्यांच्या पाठीशी भिंत होती आणि समोर सगळे वाढई, बिड्या हातात धरून. ह्यांचे दोन्ही हात, ताठ अंगठा आणि घोडीची चाकं, सगळं सगळ्यांना दिसत होतं.

आणि मग ह्यांनी मला हाक मारली. आमच्यात नवरा बायकोला चार माणसांत नावाने हाक मारत नाही, चुलत्यासमोर तर नाहीच. अवं, ऐकतीस का, रमेशची माय, एवढंच मी आयुष्यभर ऐकलेलं.

"कुसुम," ते म्हणाले, "पानी टाक कागदावर."

रंगाऱ्याचा डबा पाण्याने भरलेला होता. मी उचलला आणि टाकलं. कागद भिजला, कडप्पा भिजला, ह्यांचा पायजमा मांडीपर्यंत भिजला. झिबल मिस्त्रींना दोन पावलं मागे सरावं लागलं.

"एवढं नाई लागत वं," हे म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं. "लय दिवसांचं हाय."